पोलीस आणि फौजदारी न्यायाच्या क्षेत्रात जायचंय? पुण्यात बारावीनंतर काय, कुठे आणि कोणत्या क्रमाने शिकायचं

बारावीचा निकाल लागला की गावाकडून फोन सुरू होतात. "ताई, पोरीला पोलिसात जायचंय. पुण्यात क्रिमिनॉलॉजीला घालू का?" मी पुण्यातच बीए केलं, मग एलएलबी केलं आणि आता शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात फौजदारी खटल्यांचं काम करते. माझ्याबरोबर अभ्यासिकेत बसणाऱ्यांपैकी कुणी शिपाई झालं, कुणी फौजदार. एक मैत्रीण मुलांच्या निरीक्षणगृहात काम करते. या सगळ्यांचे रस्ते वेगवेगळे होते. नव्याने येणाऱ्याला ते एकत्र कुठेच लिहिलेले सापडत नाहीत, म्हणून हा लेख.

सगळ्यात आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. महाराष्ट्र पोलिसात जाण्यासाठी 'पोलीस' किंवा 'गुन्हेगारीशास्त्र' नावाची पदवी लागत नाही. शिपाई भरतीला बारावी पुरते आणि उपनिरीक्षकाच्या परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते. त्या नावाचा कोर्स केला म्हणून भरतीत जादा गुण पडत नाहीत. मग कॉलेजात शिकायचं ते कशासाठी? भरती झाल्यावर पहिल्या दिवसापासून जे काम अंगावर येतं, ते कळावं यासाठी. आणि भरती नाहीच झाली, तर त्याच क्षेत्रातलं दुसरं दार उघडं राहावं यासाठी.

१. आधी दार ठरवा, मग कॉलेज

फौजदारी न्यायव्यवस्था म्हणजे फक्त खाकी वर्दी नाही. ढोबळ मानाने पाच दारं आहेत.

पोलीस: शिपाई म्हणून जायचं तर बारावी आणि वय १८ ते २८ (खुला प्रवर्ग; मागास प्रवर्गांना सवलत). उपनिरीक्षक, म्हणजे ज्याला आपण फौजदार म्हणतो, ते पद महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या (एमपीएससी) संयुक्त परीक्षेतून मिळतं. पूर्व परीक्षा, मुख्य परीक्षा, शारीरिक चाचणी आणि मुलाखत असे त्याचे टप्पे आहेत. उपअधीक्षकासाठी राज्यसेवा, आयपीएससाठी केंद्रीय लोकसेवा आयोग. उपनिरीक्षकाची वयोमर्यादा त्याच परीक्षेतल्या सहायक कक्ष अधिकारी किंवा राज्यकर निरीक्षक या पदांपेक्षा कमी असते. "अजून वेळ आहे" म्हणत पदवीनंतर चार-पाच वर्षं घालवणारी मुलं नेमकी इथे अडकतात. बाकीच्या पदांना पात्र असतात, पण ज्या पदासाठी पुण्यात आले त्याचं वय निघून गेलेलं असतं.

राज्य राखीव पोलीस बल: पुण्यात रामटेकडीला गट क्रमांक १ आणि २, तर दौंडला ५ आणि ७ आहेत. इथला शिपाई पोलीस ठाण्यात तपासाला नसतो. बंदोबस्त आणि राज्यभर हालचाल हेच काम. शारीरिक चाचणीही वेगळी असते, त्यात ५ किलोमीटर धावावं लागतं. हे पद फक्त पुरुष उमेदवारांसाठी आहे.

अभियोग आणि न्यायालय: एलएलबी करून वकिली, मग आयोगाच्या परीक्षेतून सहायक सरकारी अभियोक्ता, म्हणजे सरकारी वकील. न्यायाधीश व्हायचं असेल तर सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली आहे. पदवी हातात पडली की लगेच न्यायाधीशाची परीक्षा, असा हिशोब मांडून कॉलेज निवडू नका.

न्यायवैद्यक प्रयोगशाळा: इथे विज्ञान शाखाच लागते. रसायनशास्त्र, जीवशास्त्र, भौतिकशास्त्र किंवा फॉरेन्सिक सायन्स. पुण्यात गणेशखिंडला प्रादेशिक प्रयोगशाळा आहे. अकरावीला कला शाखा घेतली असेल तर हे दार जवळपास बंद होतं, म्हणून हा निर्णय दहावीनंतरच करावा लागतो.

कारागृह, परिविक्षा (प्रोबेशन), बालन्याय: या दाराबद्दल कुणी बोलतच नाही, आणि पुण्यात तर ते अगदी समोर आहे. राज्याच्या कारागृह विभागाचं मुख्यालय पुण्यात, येरवडा मध्यवर्ती कारागृह पुण्यात, तुरुंगाधिकाऱ्यांचं प्रशिक्षण महाविद्यालय येरवड्यात आणि महिला व बालविकास आयुक्तालयही पुण्यात. परिविक्षा अधिकारी, निरीक्षणगृहातले समुपदेशक, बाल न्याय मंडळाबरोबर काम करणारे सामाजिक कार्यकर्ते ही सगळी माणसं गुन्हा घडून गेल्यावरचं काम करतात. समाजकार्य किंवा मानसशास्त्र शिकलेल्याला इथे खरी मागणी आहे. धावता येत नाही, उंची बसत नाही, पण याच क्षेत्रात काम करायचंय, अशा मुलामुलींनी हा रस्ता गांभीर्याने बघावा. कारागृह शिपाई हे पद मात्र वर्दीचं आहे. अलीकडे त्याची भरती पोलीस भरतीबरोबरच निघाली आहे.

उंचीचा उल्लेख आलाच आहे, तर आजच भिंतीला टेकून मोजून घ्या. पोलीस शिपायासाठी पुरुषांना १६५ सेंटीमीटर आणि महिलांना १५५. उपनिरीक्षक पदासाठी महिलांना १५७. राखीव बलाला १६८. पुरुषांना छाती न फुगवता ७९ आणि फुगवून ५ सेंटीमीटर जास्त. उंची अनवाणी मोजतात. अर्ध्या सेंटीमीटरने बाहेर पडलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि तोवर त्यांच्या घरच्यांनी क्लासची सगळी फी भरून झालेली होती.

२. कोर्स निवडताना नावाला भुलू नका

माझं मत स्पष्ट सांगते. वर्दी हेच पहिलं स्वप्न असेल तर अशी पदवी घ्या, जी वर्दी नाही मिळाली तरी पोट भरेल. त्या पदवीच्या जोडीला फौजदारी कायदा आणि प्रक्रिया शिका.

कला शाखेत मानसशास्त्र, समाजशास्त्र, राज्यशास्त्र हे विषय उपयोगी. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या काही महाविद्यालयांत संरक्षण व सामरिक शास्त्र हा विषय बीएला घेता येतो. अंतर्गत सुरक्षेत रस असणाऱ्याला तो चांगला. कायद्याचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम बारावीनंतर लगेच, आणि तीन वर्षांचा कोणत्याही पदवीनंतर. दोन्हींसाठी राज्य सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. कायद्याच्या अभ्यासक्रमात गुन्हेगारीशास्त्र व दंडशास्त्र हा पेपरही असतो. पुण्यात १९२४ पासूनचं आयएलएस विधी महाविद्यालय आहे, शिवाय इतरही बरीच आहेत. पण कॉलेजच्या नावापेक्षा दोन गोष्टी विचारा: तुमच्याकडे अभिरूप न्यायालयाचा (मूट कोर्ट) सराव होतो का, आणि फौजदारी प्रक्रिया शिकवणारे सर किंवा मॅडम कोर्टात उभे राहिलेले आहेत का?

खास याच विषयाचं शिक्षण हवं असेल तर पुण्याबाहेरही बघा. गांधीनगरला राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ आणि राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ ही दोन्ही केंद्र सरकारची विद्यापीठं आहेत. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय न्यायवैद्यक विज्ञान संस्था आहेत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत गुन्हेगारीशास्त्राच्या शिक्षणाची जुनी परंपरा आहे. आणि नोकरी किंवा भरतीची तयारी करता करता घरबसल्या शिकायचं असेल, तर इग्नूचा फौजदारी न्याय या विषयातला पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम आहे.

खासगी संस्थांच्या जाहिरातींत 'सायबर क्राइम इन्व्हेस्टिगेटर', 'क्रिमिनल प्रोफायलर' अशी पदनामं असतात. प्रवेश घेण्याआधी एवढंच विचारा: हे पद महाराष्ट्र शासनाच्या कोणत्या जाहिरातीत आहे? ती जाहिरात दाखवा. दाखवता आली नाही तर पैसे भरू नका. विद्यापीठाला मान्यता आहे की नाही हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा, माहितीपत्रकावरच्या शिक्क्यावर जाऊ नका.

३. कायदा शिका, तोही नवा

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम आले. अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं स्वस्तात मिळतात, आणि अभ्यासिकेतले दादा लोक जुन्या नोट्स फुकट देतात. त्या नोट्समध्ये खून म्हणजे ३०२ आणि फसवणूक म्हणजे ४२० असं लिहिलेलं असेल. आता खुनाची शिक्षा न्याय संहितेच्या कलम १०३ मध्ये आहे, चोरी ३०३ मध्ये आणि फसवणूक ३१८ मध्ये.

तरीही जुनी कलमं पूर्ण विसरू नका. त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्यांचे खटले जुन्या दंड संहितेनुसारच चालतात आणि ते पुढची कित्येक वर्षं कोर्टात राहतील. आमच्या कोर्टात एकाच सकाळी दोन्ही कायद्यांच्या फायली समोर येतात. एका वहीत डाव्या बाजूला जुनं कलम, उजव्या बाजूला नवं, असा तक्ता स्वतःच्या हाताने करा. छापील तक्ता विकत घेतला तर डोक्यात राहत नाही.

नवोदिताने आधी कोणते विषय पक्के करावेत? माझा क्रम असा:

पहिली खबर, म्हणजे एफआयआर, कशी नोंदवतात. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हे आहे. हद्द कुठलीही असली तरी कोणत्याही ठाण्यात खबर देता येते, ती ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत सही करावी लागते, आणि फिर्यादीला तिची प्रत मोफत मिळते. दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) माहिती मिळाली की खबर नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात ठरवून दिलं.

अटक कधी करायची आणि कधी नाही. सर्वोच्च न्यायालयाचे १९९६ चा डी. के. बसू निकाल आणि २०१४ चा अर्नेश कुमार निकाल हे दोन मुळातून वाचा. ज्याला पोलीस व्हायचंय त्याने तर वाचलेच पाहिजेत.

झडती आणि जप्ती. नव्या संहितेच्या कलम १०५ नुसार त्याचं दृकश्राव्य चित्रीकरण करावं लागतं. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद कलम १७६ मध्ये आहे. फॉरेन्सिककडे जाणाऱ्यांनी हे कलम लक्षात ठेवावं, येत्या काळात त्यांच्या कामाचा मोठा भाग याच तरतुदीमुळे असणार आहे.

आणि एक खटला, जो माझ्या मते आपल्या राज्यातल्या प्रत्येक होऊ घातलेल्या पोलिसाला माहीत असायला हवा. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्याच्या आवारात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप झाला. सर्वोच्च न्यायालयात आरोपी सुटले. त्या निकालाविरुद्ध देशभर आंदोलन झालं आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारासाठी वेगळी तरतूद आली, संमतीबाबतचं गृहीतक बदललं. ठाण्यात आलेल्या माणसाशी पोलिसाने कसं वागायचं याचे नियम कशातून आले, ते या खटल्यावरून कळतं. वर्दी अंगावर चढण्याआधी हे माहीत असलं पाहिजे.

४. खबर वाचा, पंचनामा समजून घ्या, कोर्टात जाऊन बसा

हा टप्पा कोणत्याही क्लासमध्ये शिकवत नाहीत, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो. खर्चही जवळपास नाही.

महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक संकेतस्थळावर नोंदवलेल्या पहिल्या खबरी प्रसिद्ध होतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये तसा आदेश दिला होता. लैंगिक गुन्हे, दहशतवाद अशा संवेदनशील खबरी त्यातून वगळतात. पुणे शहर निवडा, एखादं ठाणं निवडा, आणि आठवड्याला दोन-तीन खबरी वाचा. फिर्यादी कोण, घटना कधी, खबर कधी, मधला उशीर का, कलमं कोणती, ती का लावली, हे वहीत उतरवा. पोलिसी मराठीची सवय होते: 'समक्ष हजर राहून', 'अनोळखी इसम', 'गुन्हा दाखल करून तपास सुरू', 'मुद्देमाल हस्तगत'. ही भाषा पुढे तुम्हालाच लिहायची आहे.

मग कोर्टात या. शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात फौजदारी सुनावणी खुल्या कोर्टात चालते, काही संवेदनशील खटले सोडून कुणीही मागच्या बाकावर बसून ऐकू शकतं. मोबाइल बंद ठेवा, बाकावर पाय पसरू नका, न्यायाधीश आत आले की उभे राहा. कोणत्या कोर्टात काय आहे ते दारावर लावलेल्या बोर्डवर किंवा ई-कोर्ट्सच्या ॲपवर दिसतं. सकाळी रिमांड आणि जामीन, पुढे साक्षीपुरावे असा साधारण क्रम असतो. ज्या दिवशी पंचाची किंवा तपासी अंमलदाराची साक्ष असेल तो दिवस चुकवू नका.

का, ते एका उदाहरणाने सांगते. मोबाइल चोरीचा खटला. पोलिसांनी आरोपीकडून फोन जप्त केला, जप्तीचा पंचनामा केला, फोन कागदात गुंडाळून लाखेने सील केला, त्यावर पंचांच्या सह्यांचं लेबल लावलं. सगळं व्यवस्थित. पंच साक्षीला आला. सरतपासणीत, म्हणजे सरकारी वकिलांच्या प्रश्नांना उत्तरं देताना, त्याने सगळं बरोबर सांगितलं. मग बचाव पक्षाचे वकील उठले आणि त्यांनी फक्त चार-पाच प्रश्न विचारले. पंचनामा कुणी लिहिला? कुठे बसून? लेबलवर सही केली तेव्हा फोन पाकिटात होता का? पाकीट आज कोर्टात उघडलं तेव्हा सील कुणाचं दिसलं? पंच म्हणाला, "मला चौकीत बोलावलं होतं, कागद तयार होता, मी सही केली." तपासी अंमलदार समोर बसलेले होते. त्यांच्या कित्येक दिवसांच्या मेहनतीचं काय झालं, ते मागच्या बाकावरच्या विद्यार्थ्यालाही कळलं.

असं एक सत्र ऐकलं की पंचनामा म्हणजे चतुःसीमा, वेळ, उजेड, अंतर आणि क्रम यांचा प्रामाणिक हिशोब आहे हे कायमचं समजतं. घरी येऊन सराव करा. आपल्या खोलीचाच पंचनामा लिहा: पूर्वेला काय, पश्चिमेला काय, दार कुठल्या दिशेला उघडतं, टेबलावर काय काय आहे, लिहायला कधी सुरुवात केली, कधी संपलं. मग मित्राला तो कागद द्या आणि खोली न बघता नकाशा काढायला सांगा. त्याचा नकाशा चुकला तर तुमचा पंचनामा चुकला.

कॉलेजात असतानाच हात घालता येतील अशा आणखी काही जागा: राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांसाठी पोलीस ठाण्यातला अनुभवात्मक शिक्षण कार्यक्रम राबवला गेला आहे, आपल्या कॉलेजच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना विचारा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विधी स्वयंसेवक म्हणून नाव देता येतं. गणेशोत्सवात पोलीस मित्र म्हणून उभं राहता येतं. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर किंवा अलका चौकात दोरी धरून उभे राहा. गर्दी कशी मागे सरकवतात, हरवलेलं लेकरू कुणाकडे द्यायचं, वायरलेसवर काय बोलतात, चिडलेल्या माणसाशी जुना हवालदार किती खालच्या आवाजात बोलतो, हे पुस्तकात नाही.

५. ग्राउंड: पहिल्या वर्षापासून, थोडं थोडं

पोलीस शिपायाची शारीरिक चाचणी ५० गुणांची. पुरुषांना १६०० मीटर धावणे २० गुण, १०० मीटर १५ आणि गोळाफेक १५. महिलांना १६०० च्या जागी ८००, बाकी तसंच. गोळा पुरुषांना ७.२६० किलोचा, महिलांना ४ किलोचा. आधी ग्राउंड होतं आणि त्यात किमान गुण लागतात. त्यातून जागांच्या दहापट उमेदवार १०० गुणांच्या लेखी परीक्षेला बोलावतात. लेखीला गणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण आणि सामान्य ज्ञान व चालू घडामोडी, वेळ ९० मिनिटं.

१६०० मीटरला पूर्ण गुण हवे असतील तर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत यावं लागतं. ४०० मीटरच्या ट्रॅकवर चार फेऱ्या, म्हणजे एक फेरी साधारण ७७ सेकंदांत. बहुतेक पोरं पहिली फेरी ६५ सेकंदांत मारतात आणि तिसऱ्या फेरीत चालायला लागतात. घड्याळ लावून समान वेगाने धावायचा सराव करा. सणस मैदानावर किंवा कॉलेजच्या ट्रॅकवर करा, कारण डांबरी रस्त्यावर रोज धावून नडगी धरते. तळजाई किंवा वेताळ टेकडीचा चढ आठवड्यातून एकदा पुरे.

गोळाफेक हा दुर्लक्षित प्रकार आहे. ताकदीपेक्षा त्यात तंत्र जास्त. गोळा तळहातावर न ठेवता बोटांच्या मुळाशी, मानेला टेकून, आणि जोर पायापासून वर. जाणकार प्रशिक्षकाकडून महिनाभर शिकलात तरी फरक दिसतो.

दुखणं दाबायला इंजेक्शन, दम वाढवायला गोळ्या, असले सल्ले मैदानावर मिळतात. ते देणाऱ्यापासून लांब राहा. त्यात जीवही जातो आणि पकडलं गेलं तर करिअरही.

उपनिरीक्षक पदाचं ग्राउंड वेगळं आहे, त्यात धावण्याबरोबर लांब उडी वगैरे प्रकार येतात. आयोगाने त्याचे नियम मधल्या काळात बदललेले आहेत, म्हणून चालू जाहिरातच वाचा. यूट्यूबवरचा तीन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ प्रमाण मानू नका.

६. कागदपत्रांची फाईल आजच उघडा

लेखीत पास होऊन कागदावरून बाहेर जाणाऱ्यांचं मला सगळ्यात वाईट वाटतं, कारण ते टाळता येतं. एक प्लास्टिकची फाईल घ्या आणि मूळ प्रत, दोन झेरॉक्स आणि स्कॅन असं प्रत्येकाचं ठेवा:

- दहावी, बारावीची गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला
- पदवी असेल तर सर्व सत्रांच्या गुणपत्रिका
- अधिवास प्रमाणपत्र
- जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र
- नॉन-क्रीमीलेअर किंवा आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा दाखला, लागू असेल तर
- आधार कार्ड, पासपोर्ट आकाराचे ताजे फोटो
- एमएस-सीआयटी किंवा समकक्ष संगणक प्रमाणपत्र
- एनसीसी, खेळाडू, गृहरक्षक, माजी सैनिक, प्रकल्पग्रस्त, भूकंपग्रस्त यापैकी लागू असेल त्याचं प्रमाणपत्र
- चालक पदासाठी वाहन परवाना
- लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र

इथे अडचणी कुठे येतात ते सांगते. दाखले मूळ गावच्या तहसीलमधून काढायचे असतात. पुण्यात खोली घेतली म्हणून हवेली तहसीलला जाऊन काम होत नाही. दिवाळीत घरी गेलात की सेतू केंद्राचं काम उरकून या. जात वैधतेला वेळ लागतो, म्हणून पदवीच्या पहिल्याच वर्षी अर्ज करा. नॉन-क्रीमीलेअरची मुदत आर्थिक वर्षाशी बांधलेली असते. जाहिरातीत दिलेल्या तारखेला तो वैध आहे का ते पाहा, "दाखला आहे ना" एवढ्यावर थांबू नका. खेळाडू प्रमाणपत्र क्रीडा विभागाकडून पडताळून घ्यावं लागतं, नुसतं स्पर्धेचं प्रमाणपत्र चालत नाही. आणि दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव, आधारवरचं नाव आणि जातीच्या दाखल्यावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतं का, हे आज रात्रीच तपासा. लग्नानंतर नाव बदललेल्या ताईंनी राजपत्राची प्रत सोबत ठेवावी.

गृहरक्षक दलाबद्दल थोडं वेगळं सांगते. कॉलेज करता करता होमगार्ड होता येतं. ठरलेली सेवा पूर्ण केली की शिपाई भरतीत ५ टक्के समांतर आरक्षण (प्रत्येक प्रवर्गाच्या आतच राखून ठेवलेल्या जागा) मिळतं, आणि बंदोबस्ताचा अनुभव मिळतो तो वेगळाच.

७. पुण्यात राहणं आणि मोफत मदत

सदाशिव, नारायण, शनिवार या पेठा आणि नवी पेठ म्हणजे स्पर्धा परीक्षेचं गाव. अभ्यासिका, मेस, झेरॉक्सची दुकानं, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. पण विद्यापीठात किंवा कॉलेजात प्रवेश असेल तर आधी वसतिगृहाची यादी आणि कॉलेजचं ग्रंथालय बघा. विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय ज्यांना वापरता येतं त्यांनी वेगळ्या अभ्यासिकेवर खर्च करू नये.

क्लासची फी भरण्याआधी बार्टी (अनुसूचित जाती), सारथी (मराठा-कुणबी), महाज्योती (ओबीसी, भटके-विमुक्त) आणि आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था या सरकारी संस्थांच्या जाहिराती बघा. आपापल्या समाजघटकातल्या उमेदवारांसाठी या संस्था पोलीस भरतीपूर्व आणि स्पर्धा परीक्षेचं मोफत प्रशिक्षण वेळोवेळी देतात. महाज्योतीचं मुख्यालय नागपूरला, बाकी तिन्हींची पुण्यातच आहेत. प्रत्यक्ष जाऊन सूचनाफलक वाचा.

८. अर्ज भरताना

एका पदासाठी एकाच घटकात, म्हणजे भरती करणाऱ्या एकाच पोलीस कार्यालयात, अर्ज करायचा असतो. पुणे शहर, पिंपरी-चिंचवड, पुणे ग्रामीण आणि लोहमार्ग हे चार वेगवेगळे घटक आहेत. पिंपरी-चिंचवड आयुक्तालय २०१८ पासून स्वतंत्र आहे. शिपाई पदासाठी दोन घटकांत अर्ज टाकले तर उमेदवारी बाद होऊ शकते. शिपाई आणि चालक ही दोन वेगळी पदं, त्यांचे वेगळे अर्ज चालतात. घटक निवडताना नुसत्या एकूण जागा मोजू नका, आपल्या प्रवर्गाच्या आणि समांतर आरक्षणाच्या जागा त्या तक्त्यात शोधा.

"आत ओळख आहे, एवढे द्या, काम होईल" असं सांगणारा माणूस प्रत्येक भरतीत उगवतो. तो कितीही मोठ्या साहेबांचं नाव घेवो, पैसे देऊ नका, मूळ कागदपत्रं तर मुळीच देऊ नका. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक १०६४ आहे. घरच्यांनाही हे आधीच सांगून ठेवा. शेत विकून पैसे उभे करायला निघालेले वडील मी पाहिले आहेत आणि ते पैसे कधीच परत आले नाहीत.

९. चारित्र्य पडताळणी

निवड झाल्यावर साक्षांकन नमुना भरून द्यावा लागतो. कधी अटक झाली का, गुन्हा दाखल आहे का, खटला चालू आहे का, असे प्रश्न त्यात असतात. भावकीच्या भांडणात नाव आलं, कॉलेजच्या आंदोलनात नाव आलं, पुढे मिटलं, तरी ते लिहा. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग खटल्यात सांगितलं आहे की खरी माहिती दिली असेल तर नियुक्ती अधिकारी गुन्ह्याचं स्वरूप बघून निर्णय घेऊ शकतो. लपवलं आणि नंतर सापडलं तर किरकोळ प्रकरणातही नोकरी धोक्यात येते.

म्हणून तुमच्या नावावर जुनं काही असेल तर निकालाची प्रमाणित प्रत आताच कोर्टातून काढून ठेवा. त्यासाठी गुन्हा रजिस्टर नंबर, खटल्याचा नंबर आणि साल लागतं. नंबर माहीत नसेल तर ई-कोर्ट्सवर पक्षकाराच्या नावाने शोधा. नाहीच सापडला तर संबंधित ठाण्यात कोर्टाचं काम बघणाऱ्या अंमलदाराला भेटा. प्रत मिळायला दिवस लागतात, आणि निवड यादी लागल्यानंतर तेवढे दिवस हातात नसतात.